कमी पडलेले चारशे मीटर

धम्मप्रियानं लाल पेनानं सतरावं टिंब काढलं आणि नकाशा सरपंच दयानंदपुढं सरकवला.

"ही समीक्षा. आनंदराज सरांची बायको. सातवा महिना चालू आहे. आज सकाळी नांदेडला हलवलं. गरोदर बाईला ही कावीळ झेपत नाही."

दयानंद नकाशाकडं बघत राहिला. गावात साडेतीनशे घरं. सतराच्या सतरा टिंबं भीमनगरात, बौद्ध वस्तीच्या चाळीस घरांवर. बाकीचा कागद कोरा होता.

धम्मप्रिया मूळची उदगीरची, गावच्या उपकेंद्रात नव्यानं आलेली आरोग्य अधिकारी. तीन दिवस घरोघर फिरून तिनं हा नकाशा केला होता. दयानंदला तो एका नजरेत कळला. असे नकाशे त्यानं कितीतरी पाहिले होते.

तो आणि आनंदराज शाळेपासूनचे दोस्त. आनंदराज भीमनगरचा, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दर रविवारी दुपारी दोघं दयानंदच्या घरी कॉम्प्युटरवर एक ऐतिहासिक गेम खेळत. दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर वसवायचं, वाढवायचं, शत्रूपासून राखायचं. सैन्य आनंदराजकडं, शहर दयानंदकडं. ज्या गल्लीत पाणी पोचत नसे ती पडद्यावर लाल होई. आनंदराज तटबंदीसाठी दगड मागायचा, तेव्हा दयानंद म्हणायचा, "थांब रे. आधी तिकडं पाणी नेऊ. साथ तिथूनच निघती." त्याचं शहर साथीनं कधी बुडालं नव्हतं.

"नळाची लाईन भीमनगरच्या अलीकडं कामून थांबली?" धम्मप्रियानं विचारलं. "लोक अजून आडाचं पाणी पिऊन राहिले."

दयानंदनं नेहमीचं उत्तर दिलं. आखातात युद्ध पेटलं. तेलाची जहाजं अडकली. तेल महागलं की प्लास्टिक महागतं, प्लास्टिक महागलं की पाइप. शेवटी ठेकेदाराला चारशे मीटर कमी पडले. जगाचं राजकारण हा त्याचा आवडता विषय. पारावर तो बोलायला लागला की म्हातारे शेतकरीही तंबाखू मळायचं थांबवून ऐकत. भीमनगरात जाऊनही त्यानं हेच सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्याला स्वतःला ते पुरतं पटलं होतं.

धम्मप्रियानं सगळं ऐकून घेतलं.

"पाइप युद्धानं कमी पडले असतील, सरपंच साहेब. पण ते भीमनगरातच कमी पडावेत, हे कुणी ठरवलं?"

ते ठरायला अर्धं मिनिट लागलं होतं. उन्हाळ्यात ठेकेदार अण्णाराव याच टेबलापाशी उभा होता. "कुठं कमी करू, सांगा." दोनच टोकं राहिली होती. एकीकडं भीमनगर. दुसरीकडं मळ्याची वाट, तिथं दयानंदच्या चुलत्यांची पाच घरं. पाचही घरी बोअर होतं. पण लाईन आली नसती तर चुलते रुसले असते आणि निवडणूक जवळ होती. दयानंदनं नकाशावर बोट ठेवलं. "इथं करा. ह्यांच्याकडं आड हाय." त्या आडाला लागून अख्ख्या गावाची नाली जाते, हे त्याला माहीत होतं. मग त्यानं अण्णारावसाठी चहा मागवला होता.

धम्मप्रिया उत्तराची वाट बघत होती. दयानंदनं आड बंद करायला सांगितलं, टँकरसाठी तहसीलला फोन लावला आणि गाडी काढली.

नांदेडपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत राहिला. प्रत्येक वाक्य युद्धापासून सुरू होत होतं. शेवटी त्यानं जुळवणं सोडून दिलं.

बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर आनंदराज भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. समीक्षाच्या चपला त्यानं मांडीवर धरल्या होत्या. दयानंदला बघून तो थोडा सरकला, त्याला बसायला जागा केली.

"बाळ गेलं," तो म्हणाला. "ती शुद्धीवर न्हाई. डॉक्टर म्हनतात, आता काहीच सांगता येत न्हाई."

दयानंद बसला नाही.

"आंद्या, लाईन युद्धानं थांबली न्हाई. मी थांबवली. अण्णारावनं इचारलं, कुठं कमी करू. मी तुमच्यावर बोट ठेवलं."

आता तो उठेल, गचांडी धरेल, चार माणसांत शिव्या देईल, असं दयानंदला वाटलं. तसं व्हावं असंही वाटलं. एक नर्स सलाईनची बाटली घेऊन दोघांच्या मधून गेली. आनंदराज तसाच बसून होता. तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता.

"समीक्षाला कळलं होतं. ती म्हनायची, हे दयाभाऊंचंच काम हाय, जाऊन इचारा. डोळे पिवळे पडले तवा पुन्हा म्हनली. मी लई वरडलो तिच्यावर. म्हनलं, माझ्या दोस्ताचं नाव पुन्हा काढलंस तर बघ."

त्यानं चपला खाली ठेवल्या, एकीला लागून दुसरी.

"तवापासून ती माझ्याशी बोललीच न्हाई, दया."