गाडीत माणूस बसवा

थोरल्या साडूने रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकली, धाकट्याने पत्ते पिसले, आणि चाळीस टनांचा ट्रक दोघांसमोर येऊन गचकन थांबला. आत ड्रायव्हर नव्हताच. त्यामुळे शिव्या नाहीत, काही नाही. ट्रकने दोनदा दिवे लुकलुकवले आणि नव्या जावयासारखा अंग चोरून उभा राहिला. मागे दुसरा आला, तिसरा आला. दुपारपर्यंत गोदामापासून पुलापर्यंत रांग लागली.

दोघांनीही याच कंपनीचे ट्रक वीस-वीस वर्षं चालवले होते. मग कंपनीने गाड्यांत हुशार मशीन बसवलं आणि दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. रिकामपणी थोरल्याला शोध लागला, की या गाड्या कशालाही थांबतात. कुत्रं आलं, थांबतात. उडती पिशवी आली, थांबतात. मग दोन धडधाकट साडू आले तर का नाही थांबणार? तीन आठवडे हा उद्योग चालला होता. एकदा तर थोरल्याने ट्रकच्या आरशात बघून निवांत दाढी उरकली.

"मागणी एकच," तो सगळ्यांना सांगायचा. "गाडीत माणूस बसवा. माणसाची सर मशीनला यायची नाही."

"आम्हा बहिणींचं नशीब बघा," त्याची बायको ताट आदळत म्हणायची. "ड्रायव्हर म्हणून बघून दिले, निघाले गतिरोधक. पुढच्या महिन्यात चुलीवर काय ठेवायचं, तेवढं त्या ट्रकला विचारून या."

चौथ्या आठवड्यात कंपनीच्या साहेबाने थोरल्याला एकट्यालाच आत बोलावलं. गार खोली, चहा, बिस्किटं.

"जिंकलात काका. गाडीत माणूस बसवतोय. सध्या एकच जागा आहे, रांगेतल्या पहिल्या गाडीत. तुमचाच विचार आहे. फक्त एक सांगा, समोर कोणी उभं राहिलं तर काय कराल?"

"थांबेन की."

साहेबाने कप खाली ठेवला. "ते मशीन फुकटात करतं, काका. मग तुम्ही कशाला हवेत?"

थोरल्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"चिरडा असं आम्ही म्हणत नाही हं," साहेब समजावत म्हणाला. "कंपनीचं तसं धोरणच नाही. फक्त थांबू नका. लोक आपोआप बाजूला होतात. मशीनला हे काही केल्या शिकवता येईना. माणसाला कसं, पटकन कळतं. मशीन बंद करायचं बटण तुमच्या हाताशीच असेल."

थोरल्याने सही केली. आतलं बाहेर बोलायचं नाही, हेही त्याच कागदावर होतं.

संध्याकाळी नोकरीची बातमी ऐकून धाकट्याने त्याला कडकडून मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "साडूभाऊ, आता आपलाच माणूस आत. सोमवारी पहिल्या गाडीला मीच आडवा येणार. बघू तुमचा ब्रेक गंजलाय का."

"सोमवारी नको येऊस."

"का हो? मला उडवताय की काय?"

दोघंही पोट धरून हसले. थोरला जरा जास्तच वेळ हसत राहिला.

सोमवारी सकाळी नवा शर्ट घालून तो स्टिअरिंगवर बसला. मागे वीस गाड्या. वळण संपलं आणि रस्त्याच्या मधोमध धाकटा दिसला, दोन्ही हात पसरून, दात काढून उभा. थोरल्याने हॉर्न दिला. धाकट्याने कमरेवर हात ठेवून ठुमका मारला. थोरल्याने हॉर्न दाबून धरला. धाकट्याने अजून एक मारला.

डॅशबोर्डमधून एक गोड बायकी आवाज आला, "समोर माणूस आहे. ब्रेक लावत आहे."

"दिसतोय मला," थोरला म्हणाला, आणि त्याने मशीन बंद केलं.