चांदरीची हाक

"ये गं चांदरे, ये," भागूने लाडाने साद घातली आणि म्हैस जवळ येताच तिच्या नाकाडावर काठी हाणली.

चांदरी मागे सरकली. भागूने पुन्हा साद घातली, पुन्हा हाणली. म्हशीच्या नाकातून रक्त ठिबकू लागलं.

"अगं, मरंल की ती!" नवरा धाकू ओरडला.

"मरू दे. पर त्या दोघींवानी जायची न्हाई."

धनगरवाड्यावरच्या म्हशी रानात मोकळ्या चरायच्या आणि मालकिणीच्या हाकेवर घरी यायच्या. चोरांना हे ठाऊक होतं. त्यांचं ड्रोन एकदा ऐकलेला आवाज हुबेहूब काढायचं. भागूच्या दोन म्हशी भागूच्याच आवाजामागे डोंगर उतरून चोरांच्या टेम्पोत चढल्या होत्या. आता दुधाची ही एकच उरली होती.

मग एका संध्याकाळी कड्यापलीकडून हाक आली, "ये गं चांदरे, ये." तीच माया, तोच शेवटचा हेल.

चरणारी चांदरी थरथरली. पाठ फिरवून ती थेट गोठ्याकडे पळत सुटली. ड्रोन हाका मारमारून निघून गेलं.

गोठ्याच्या दारात उभ्या भागूचा ऊर भरून आला. काठी फेकून तिने दोन्ही हात पसरले आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ये गं चांदरे!"

चांदरीने मान खाली घातली आणि शिंग भागूच्या पोटात खुपसलं.

धाकू धावत आला. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या भागूने हात जखमेवर नाही, स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता.