विमान उतरेपर्यंत

डॉक्टर बाहेर येऊन जावयाला म्हणाले, ती गेली. तेव्हा सासऱ्यांच्या विमानाने नुकतंच उड्डाण केलं होतं. मुलगी ऑपरेशननंतर शुद्धीवर येत नाही म्हणून ते तिला भेटायला निघाले होते.

जावयाने मान हलवली. बायकोचा चष्मा आणि चपला पिशवीत घातल्या आणि मेव्हणीला फोन लावला. वडिलांना विमानतळावर सोडायला तीच गेली होती; अजून तिथल्या पार्किंगमध्येच होती. त्याने झालेलं सांगितलं. मग तिने विचारलं, विमानात बाबांना निरोप देता येतो का बघू? त्याने नको म्हटलं. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, कमरेला पट्टा. हे ऐकून म्हातारा माणूस तिथे जाणार कुठे?

"नऊ तासांचा प्रवास आहे, भाऊजी," मेव्हणी म्हणाली. "म्हणजे नऊ तास बाबांची लेक अजून आहे."

तो घरी आला. सासऱ्यांसाठी पलंगावर धुतलेली चादर घातली. दोरीवरचे कपडे काढले. त्यात तिचेही होते, तेही घड्या घालून कपाटात ठेवले. उभ्याउभ्याच पाव खाल्ला. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबून पाहिलं. आलं नाही. अंग जणू कुणा दुसऱ्याचं होतं आणि तो ते नुसता इकडून तिकडे नेत होता.

संध्याकाळी विमानतळावर तो कठड्याला टेकून उभा राहिला. फोनवरच्या नकाशात छोटंसं विमान समुद्रावरून सरकत होतं. खाली उरलेलं अंतर दिसत होतं, पाहता पाहता कमी होणारं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून धीर देणं त्याला सवयीचं होतं; घाबरू नका, आलोच, एवढंच म्हणायचं असे. आज तेही शब्द उपयोगाचे नव्हते. सासऱ्यांना आधी खुर्चीवर बसवायचं, एवढंच त्याने ठरवलं. पुढचं वाक्य जुळेना. अजून वेळ आहे, असं म्हणत त्याने मान वर केली, तर फलकावर विमान उतरल्याचं झळकत होतं.

सासरे बाहेर आले ते हात उंचावतच. केस विस्कटलेले, चेहरा टवटवीत.

"जावईबापू, अर्धा तास आधीच आलो बघा. मागून वारा होता म्हणे." विमानात छान झोप लागल्याचंही त्यांनी सांगितलं, कित्येक दिवसांनी.

जावयाने त्यांच्या हातातली बॅग घेतली.

"बाबा, जरा बसू या."

"बसायचं काय? बसूनच तर आलोय एवढा वेळ," सासरे हसले आणि दाराकडे झपाझप चालू लागले.