निरंक

विमान धावपट्टीपासून अजून पुरुषभर वर असतानाच तिने नाक वर ओढलं, आणि चूक तिच्या तिथल्या तिथे लक्षात आली. वेग संपला. विमान धप्पकन खाली पडलं, उसळलं, पुन्हा आदळलं. दातांवर दात आपटले. तिसऱ्यांदा चाकं टेकली तेव्हा कुठे ते सरळ धावू लागलं.

एकटीने उडवायची ही तिची चौथीच वेळ. तिसऱ्या वेळी ती धावपट्टीच्या कडेला भरकटली होती. तेव्हा तिला शिकवणारे कॅप्टन आवाज न चढवता म्हणाले होते, "अजून एक चूक झाली की एकटीने उडणं बंद. मग पुन्हा पहिल्यापासून, माझ्या शेजारी बसून."

शेडसमोर कॅप्टन पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. मेकॅनिक दुसऱ्याच एका इंजिनात खांद्यापर्यंत शिरला होता. कुणीच काही पाहिलं नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

नियम साधा होता. विमान आदळलं तर त्याच्या वहीत लिहायचं, मग मेकॅनिकने तपासल्याशिवाय ते जागचं हलत नाही. तिने वही उघडली. 'दोष' या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या अक्षरात एकच शब्द होता. तिनेही तोच लिहिला, 'निरंक', आणि सही ठोकली. सही नेहमीपेक्षा जास्तच सुबक आली.

"काय गं, कशी आहे आज म्हातारी?" लंबूने विमानाकडे बघत विचारलं. तिच्याच तुकडीतला, पुढची पाळी त्याची.

"मस्त."

"मग तोंड का असं एवढंसं झालंय?"

"ऊन आहे."

लंबू विमानाभोवती फिरला. पंखावरून हात फिरवला, तेल पाहिलं, पुढच्या चाकाला बुटाने ढोसलं. वाक, ती मनात म्हणत होती, जरा खाली वाकून बघ. तो वाकला नाही. शीळ घालत आत जाऊन बसला आणि पंखा फिरू लागला.

लंबूची आई रोज संध्याकाळी फोन करायची आणि एवढंच विचारायची, 'उतरलास ना रे बाबा?' सगळी तुकडी त्यावरून त्याला चिडवायची. तीही चिडवायची.

ती धावत सुटली. पंख्यापासून बऱ्याच लांब, पण अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. थांब! लंबूने इंजिन बंद केलं. कॅप्टननी फोन कानावरून खाली घेतला.

"मी आदळवलं सर," ती म्हणाली. "दोनदा. वहीत खोटं लिहिलंय."

कॅप्टननी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने 'निरंक'वर एक रेघ मारली आणि खरं काय ते लिहिलं. या वेळी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते.

मेकॅनिकने इंजिनवरचं झाकण काढलं आणि टॉर्च घेऊन तो खाली आडवा झाला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

"तडा आहे," खालून आवाज आला. "पुढचं चाक जिथे जोडलंय तिथे. चांगला बोटभर."

तिला रडूच फुटलं. "माझ्यामुळे, काका."

मेकॅनिक सरपटत बाहेर आला. त्याच्या बोटाचं टोक तांबूस झालं होतं. "आज वाढला असेल पोरी, पण तुझा नाही तो. आत गंज चढलाय. आठ-दहा दिवसांपूर्वीचा आहे."

हात पुसून त्याने वही घेतली आणि तो पानं मागे मागे उलटू लागला. निरंक. निरंक. निरंक.

"उद्यापासून माझ्या शेजारी," कॅप्टन तिला म्हणाले.

"हो सर."

लंबू अजून विमानाच्या दारातच होता. त्याची शीळ केव्हाच थांबली होती. तो सावकाश खाली उतरला, तिच्याजवळ आला आणि कुणाकडेही न बघता, नजर वहीच्या मागच्या पानावर ठेवून त्याने हात पुढे केला.

"पेन दे जरा."