कासवाची पाठ

कासव पाळायची हौस प्रफुल्लची, अन् त्याच्या पेटीतली घाण उपसणं बायकोच्या, कुंदाच्या, कपाळी. दिग्रसच्या गुरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, घाणीत ठेवाल तर मरेल, साबण लावाल तर त्याहून लवकर मरेल.

भरदुपारी ती नुसत्या पाण्यानं त्याची पाठ घासत होती.

"अवं, बस कर ना आता! काय खरखर लावली?" बाहेरून प्रफुल्ल ओरडला.

"तुमचंच कासव हाये! मी काय याची मोलकरीण आहो?" तिनं ब्रश बादलीत फेकला.

खरखर थांबली नाही.

"आइकू नाही येत काय तुले?"

तिनं कासव उचलून कानाशी धरलं. कवचाच्या आतून कुणीतरी नेटानं घासत होतं. मग आत ओढलेल्या मानेभोवतून पांढरा फेस आला. कपड्याच्या साबणाचा.