गुरुवारची धार

"बाबा, सुरीला धार लावायची मशीन घ्या एकदाची," असं मुलानं बेंगळुरूहून चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा मी दुकानात आमच्या धारवाल्या दस्तगीरचाचालाच घेऊन गेलो. म्हटलं, आता बघू कोण मला मशीन विकतोय!

दुकानदारानं पहिली काढली. चाचा म्हणाला, "हिचा दगड भुसभुशीत." दुसरी काढली. "ही पातं जाळंल." मी गालातल्या गालात हसत होतो. तिसरी मात्र चाचानं चालू केली, बरोबर आणलेली माझी सुरी लावून बघितली आणि अंगठ्यावर धार पारखली. मग खाली बघत म्हणाला, "ही चांगली हाय, आप्पा. घ्या."

माझं हसू मावळलं. बायको गेल्यापासून माझ्या घरी येणारं माणूस एकच, ते पण गुरुवारी. हाच. सायकल स्टँडवर लावतो, सुरीला धार करतो, मग चहा घेत तासभर गप्पा हाणतो.

"रंग नाही आवडला," मी दुकानदाराला म्हणालो. "गुलाबी आली की कळवा."

शिव्या पडायच्या आत बाहेर पडलो. चाचा सायकलची साखळी चाचपत म्हणाला, "आप्पा, भाजी चिरून बोथट झालेली सुरी मला कळती. आन् पायरीवर घासून बोथट केलेली बी कळती."

माझी चोरी पकडली गेली. "कधीपासनं?"

"दोन वर्सं झाली."

"मग बोलला का नाही, चाचा?"

"बोललो असतो, तर मला गुरुवारचा चहा बी एकट्यानंच प्यावा लागला असता."