मोकळं घर

धाकटी फोनवरून जगाला घर आवरायला शिकवायची. पांढरी भिंत, एक खुर्ची, एक कुंडी आणि मध्ये ही लाडिक आवाजात सांगणार, "मोह सोडा गं, घर आपोआप मोकळं होतं!" व्हायचंच. कारण प्रत्येक व्हिडिओच्या आधी तिच्या गाद्या, जुना मिक्सर, पोरांच्या सायकली असं सगळं टेम्पोत भरून थोरल्या बहिणीच्या मागच्या खोलीत येऊन पडायचं. "ताई, दोनच दिवस हं," म्हणून गेलेली बया परत न्यायचं नाव काढायची नाही. थोरलीची लेक बिचारी अभ्यासाला ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायची. थोरली व्हिडिओ बघून नाक मुरडायची, काय ते सोंग! पण पाठची बहीण, तोंडावर बोलणार कोण?

रविवारी धाकटी टेम्पोशिवाय आली. सुटलो एकदाचे, सामान न्यायला आली असेल, टेम्पो मागून येत असेल, म्हणून थोरलीने लगबगीने मागची खोली उघडून दिली. धाकटीने दारातच फोन उंच धरला आणि चेहरा पाडला.

"मैत्रिणींनो, ही माझ्या सख्ख्या ताईची खोली. बघा, काही माणसांना काही म्हणजे काही टाकवत नाही!"